आसामच्या बीलांमधले सूक्ष्म प्राणी कसे गोळा करावेत आणि कसे ओळखावेत

ब्रह्मपुत्रेने पात्र बदललं की मागे वळणं, जुनी पात्रं आणि सखल खोलगट भाग उरतात. त्यांत पाणी साचून जी तळी होतात त्यांना आसामात 'बील' म्हणतात. राज्यातल्या सगळ्या बीलांचं क्षेत्र धरलं तर ते सुमारे एक लाख हेक्टर भरतं. लोक तिथे पक्षी बघायला जातात, मासे घ्यायला जातात. पण तिथली खरी गर्दी साध्या डोळ्यांना दिसत नाही. गुवाहाटीला लागून असलेल्या दीपोर बीलमधून आणि मणिपूरच्या लोकताक तळ्यामधून रोटिफर नावाच्या सूक्ष्म प्राण्यांच्या प्रत्येकी शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. जगभरात मिळून रोटिफरांच्या ज्ञात जाती साधारण दोन हजार आहेत. म्हणजे दर वीस जातींमागे एक जात एकाच तळ्यात सापडली. पाणपिसवा, कोपेपॉड आणि ऑस्ट्रॅकॉड या इतर सूक्ष्म प्राण्यांची मोजणी आणखी वेगळी.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ईशान्येत गेलेल्या आणि हे काम पहिल्यांदाच करून बघणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. प्राणिशास्त्राची पदवी असेल तर उत्तमच, नसली तरी अडत नाही. आपल्याकडच्या गावतळ्यावरही हीच पद्धत चालते, फक्त जाती कमी मिळतील. दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांवर उभ्या आहेत. पहिली, विविधता मोकळ्या पाण्यात कमी आणि पाणवनस्पतींच्या गचपणात जास्त असते. दुसरी, नाव तेवढंच द्यायचं जेवढं तुम्ही पुराव्याने दाखवू शकता.

कोण कोण भेटणार

रोटिफर सर्वांत लहान. बहुतेक ०.१ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असतात. डोक्यावर केसाळ मुकुट असतो. त्याचे केस लयीत हलले की चाक गरगरतंय असं वाटतं. या मुकुटाने पाणी तोंडाकडे ओढलं जातं आणि आत घशापाशी सूक्ष्म जबडे सतत चालू असतात. अनेकांच्या अंगावर कडक कवच असतं, मागे एक पाय आणि पायाला एक किंवा दोन बोटं. एवढं दिसलं की रोटिफर म्हणून खुशाल लिहा.

पाणपिसवा कवचाच्या दोन झडपांत बसलेल्या असतात. डोकं बाहेर, एक मोठा काळा डोळा, आणि फांद्या फुटलेल्या शृंगिकांनी (डोक्यावरच्या मिशांसारख्या अवयवांनी) झटके देत पोहणं. इंटरनेटवर पाणपिसू शोधली की डॅफ्नियाचीच चित्रं येतात, पण सखल प्रदेशातल्या उबदार पाण्यात डॅफ्निया क्वचित भेटते. बीलमध्ये मॉइना, सिरियोडॅफ्निया, डायफॅनोसोमा, सोंडेसारख्या शृंगिकेची बॉस्मिना आणि मुख्य म्हणजे कायडोरिड कुळातल्या गोलमटोल, तळाशी आणि पानांवर रांगणाऱ्या जाती मिळतात. कायडोरिडांकडे नवशिक्यांचं हमखास दुर्लक्ष होतं, कारण त्या जाळीत कमी येतात. जातींची संख्या मात्र त्यांच्यातच मोठी.

कोपेपॉडांचे दोन गट आधी ओळखायला शिका. कॅलॅनॉइडांच्या शृंगिका लांब, जवळजवळ अंगाएवढ्या असतात आणि मादीकडे अंड्यांची एकच पिशवी असते. सायक्लॉपॉइडांच्या शृंगिका आखूड आणि अंड्यांच्या पिशव्या दोन, शेपटीच्या दोन्ही बाजूंना. सायक्लॉप्स हे नाव महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला चांगलं माहीत आहे. नारूचा जंत याच प्राण्यातून माणसाच्या पोटात जायचा, आणि पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी फडक्याने गाळून प्या असं आरोग्य कर्मचारी घरोघर सांगत ते त्यासाठीच. भारत २००० साली नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. दुहेरी फडक्याने जे काम केलं तेच आपण जाळीने करणार आहोत, फरक इतकाच की गाळून राहिलेलं आपल्याला हवं आहे.

ऑस्ट्रॅकॉड दोन झडपांत मिटलेले असतात, तळाशी घसरत चालतात. त्यांची ओळख अवघड आहे, अंग उघडून पाय सुटे करावे लागतात. पहिल्या वर्षी 'ऑस्ट्रॅकॉड' एवढीच नोंद पुरे.

साहित्य

जाळी ही एकच वस्तू नीट निवडायची आहे. रोटिफरांसाठी जाळीचं छिद्र ५० मायक्रोमीटरच्या आसपास हवं. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १५० मायक्रोमीटरच्या जाळीत पाणपिसवा आणि कोपेपॉड छान येतात, पण लहान रोटिफर निसटून जातात आणि मग 'या तळ्यात रोटिफर नाहीत' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तयार जाळी महाग पडते. स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानात पॉलिस्टरची जाळी मीटरवर मिळते. सेंटीमीटरला सुमारे १२० धाग्यांची जाळी आपल्या मापाजवळ जाते, तरी छिद्राचं माप दुकानदाराकडून विचारून घ्या. वीस ते पंचवीस सेंटीमीटर व्यासाची तारेची कडी, तिला शंकूच्या आकारात शिवलेली जाळी, खाली टोकाला पक्की बांधलेली छोटी बाटली. शिवण दुहेरी आणि बारीक टाक्यांची हवी, नाहीतर प्राणी शिवणीतून जातात.

याशिवाय एक बादली, रुंद तोंडाच्या बाटल्या, ड्रॉपर, पेन्सिल, जाडसर कागदाच्या चिठ्ठ्या, तापमापक आणि जमलं तर पीएच मोजायचं साधन. सूक्ष्मदर्शक ४०, १०० आणि ४०० पट दाखवणारा कॉलेजचा साधा असला तरी चालतो. मनू प्रकाश यांनी बनवलेला कागदी फोल्डस्कोप १४० पट दाखवतो, ईशान्येतल्या अनेक शाळा-कॉलेजांत तो पोहोचला आहे. जिवंत रोटिफर बघायला आणि मुलांना दाखवायला तो फारच उपयोगी आहे, जातीपर्यंत ओळखायला मात्र पुरत नाही.

परवानगी आणि माणसं

दीपोर बील २००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि त्याचा काही भाग पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्याच्या हद्दीत नमुना घ्यायचा तर वनविभागाची लेखी परवानगी काढूनच. बाकीची बरीच बीलं मासेमारीसाठी ठेक्याने किंवा सहकारी संस्थेकडे दिलेली असतात. तिथे आधी जाऊन भेटायचं, काय करणार ते सांगायचं. नाव चालवणाऱ्या माणसाला पाण्याची खोली, चिखल कुठे आहे, नदीचं पाणी कुठून आत येतं हे सगळं ठाऊक असतं. त्याच्यासोबत घालवलेला अर्धा दिवस नकाशापेक्षा जास्त शिकवतो, आणि त्याच्या मजुरीचे पैसे ठरवून द्यायचे. मासे धरणाऱ्यांना प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे हे सूक्ष्म प्राणी, समजावून सांगणं सोपं आहे. कटला आयुष्यभर मुख्यतः तेच खातो आणि बहुतेक माशांची नुकती फुटलेली पिल्लं रोटिफरांवरच वाढतात. एकदा हे सांगितलं की तुमची बाटली बघायला सगळे जमतात.

बीलच्या काठी हत्तींचाही वावर असतो. दीपोर बीलला राणी-गरभंगा जंगलातून हत्ती येतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने काठावर जाऊ नका. जळवांसाठी गमबूट घाला आणि पाण्यातून निघाल्यावर हातपाय पुसून कोरडे करा.

कधी जायचं

ब्रह्मपुत्रेचा पूर साधारण जून ते सप्टेंबर. तेव्हा नदी, बील आणि भातशेती एकच पाणी होतं. दीपोर बीलची खोली पावसाळ्यात चार मीटरपर्यंत जाते आणि कोरड्या दिवसांत मीटरभर उरते. या चढउतारातच विविधतेचं कारण आहे. पाणी पसरतं तेव्हा नदीतून, शेतातून, दुसऱ्या तळ्यांतून प्राणी आणि त्यांची टणक अंडी येतात. पाणी ओसरतं तेव्हा वनस्पती माजतात, उथळ-खोल, सावली-ऊन असे शेकडो वेगवेगळे कोपरे तयार होतात आणि प्रत्येक कोपऱ्यात वेगळी मंडळी टिकते. नदीच्या पुराकडे असं बघण्याची मांडणी युंक, बेली आणि स्पार्क्स या तिघांनी १९८९ मध्ये केली. पूरतळ्यांवरचं पुढचं बहुतेक काम तिचा आधार घेऊनच झालं आहे.

त्यामुळे एकाच भेटीत यादी पूर्ण होणं शक्य नाही. पूर ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा, थंडीत एकदा आणि पाऊस सुरू होण्याआधी एप्रिलच्या सुमारास एकदा, एवढं तरी करा. ऐन पुरात मोकळ्या पाण्यात प्राणी विरळ होतात आणि पाण्यात उतरणंही धोक्याचं, तेव्हा नवशिक्यांनी ते दिवस सोडून द्यावेत.

आणखी एक गोष्ट वहीत पहिल्याच पानावर लिहा: हे बील नदीला अजून जोडलेलं आहे की तुटलेलं? १९५० च्या भूकंपानंतरच्या दशकात ब्रह्मपुत्रेच्या काठाने मोठ्या प्रमाणावर बांध घातले गेले. त्यांनी गावं वाचवली, पण बऱ्याच बीलांचा नदीशी असलेला संबंध तोडला. जोडलेलं आणि तुटलेलं अशी दोन शेजारची बीलं घेऊन तुलना केली तर नवशिक्याच्या हातूनही खरोखर उपयोगी काम होतं. मला विचाराल तर पहिला प्रकल्प हाच घ्यावा.

नमुना घेणं

मोकळ्या पाण्यातला नमुना सोपा. नाव संथ चालू ठेवून जाळी पृष्ठभागाखाली हळू ओढायची. जोरात ओढली तर जाळीपुढे पाणी तुंबतं आणि प्राणी बाजूला होतात. संख्या मोजायची असेल तर ओढण्याऐवजी मापाच्या बादलीने २५ लिटर पाणी जाळीतून ओता, म्हणजे किती पाण्यातले प्राणी आहेत हे नक्की ठरतं.

पण जातींची यादी हवी असेल तर काठाकडे या. हायड्रिला, शिंगाडा, कमळ, मखाणा, जलपर्णी, तरंगणारं शेवाळ, जे जे दिसेल ते वेगवेगळं धरायचं. बादलीत आधी बीलचंच पाणी जाळीतून गाळून भरा. हायड्रिलाचे पाच-सहा झुबके हळूच वर उचलून बादलीत बुडवा, पाण्यात खळबळून काढा, हलकेच पिळा आणि ते पाणी जाळीतून गाळा. जलपर्णीची मुळं याच पद्धतीने धुवा. त्या काळपट, केसाळ मुळांत इतकं काही असतं की फक्त त्यांवर एक आठवडा जावा. प्रत्येक वनस्पतीचा नमुना वेगळ्या बाटलीत, कारण 'कुठे सापडला' ही माहिती 'काय सापडलं' इतकीच महत्त्वाची आहे.

आसामात मासे धरण्याची 'जेंग' नावाची पद्धत आहे. झाडाच्या फांद्या आणि बांबू पाण्यात रोवतात, त्यांच्याभोवती जलपर्णी अडकवून ठेवतात. मासे आसऱ्याला येतात आणि पाणी कमी झालं की जाळ्याने वेढून ते काढतात. या बुडालेल्या फांद्यांवर बुळबुळीत थर चढतो आणि त्यात एका जागी चिकटून राहणारे रोटिफर असतात, जे जाळीत कधीच येत नाहीत. मालकाला विचारून एखादी काटकी घ्या, पाण्यासकट बशीत ठेवा आणि तिच्यावरचा थर थोडा थोडा खरवडून बघा.

पाण्यात पिवळ्या फुलांची, बारीक फुगे असलेली वनस्पती दिसली तर ती युट्रिक्युलॅरिया. कासच्या पठारावरची सीतेची आसवं याच कुळातली. ते फुगे म्हणजे सापळे आहेत. एखादा फुगा काचपट्टीवर ठेवून पाहा. आत पाणपिसवांची कवचं आणि रोटिफरांचे अवशेष मिळतात. तुमच्या जाळीत न आलेली जात कधी कधी या वनस्पतीने आधीच पकडलेली असते.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाण्याआधी जाळी स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ओली जाळी तशीच नेली तर एका तळ्याची मंडळी दुसऱ्याच्या यादीत घुसते, आणि नको असलेले जीव नव्या पाण्यात सोडल्याचं पापही पदरी पडतं.

आधी जिवंत बघा

हा टप्पा बरेच जण गाळतात. नमुना आणला की थेट फॉर्मालिन हे जतनाचं रसायन घालतात. मऊ अंगाचे रोटिफर फॉर्मालिन पडताच आकसून गोळा होतात आणि मग कोणालाही ओळखता येत नाहीत. म्हणून प्रत्येक ठिकाणची एक बाटली अर्धी भरून, झाकण सैल ठेवून, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत आणा आणि त्याच दिवशी बघा.

काचपट्टीवर थेंब, आच्छादक काचेच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे अगदी बारीक ठिपके. काच ठिपक्यांवर टेकते, त्यामुळे प्राणी चिरडत नाही. मग कडेला टिपकागदाचा तुकडा लावून पाणी थोडं थोडं काढायचं. काच हळूहळू खाली येते आणि पळणारा रोटिफर जागीच थांबतो, तरी त्याचा मुकुट चालू राहतो. फारच पळत असेल तर थेंबभर साधं सोडा वॉटर घाला, कार्बन डायऑक्साइडने तो सुस्तावतो.

हायड्रिलाच्या पाण्यात सगळ्यात आधी बहुधा लेकेन हा रोटिफर भेटेल. पानाच्या तुकड्यावर सरपटत जाणारं चपटं, अंडाकृती कवच, पुढून क्षणभर मुकुट बाहेर, काही हललं की लगेच आत. १०० पटीवर पुरेसं स्थिर झालं की ४०० वर जा. कवचाच्या दोन तक्त्या दिसतात, वरची आणि खालची, आणि त्यांच्या पुढच्या कडा वेगवेगळ्या असू शकतात. मागे बोट एक की दोन, बोटाच्या टोकाला नखी आहे का, कडेला काटा आहे का. जाती ठरतात त्या याच तपशिलांवर. कवचाची लांबी, रुंदी आणि बोटाची लांबी मोजून लिहा. त्यासाठी नेत्रिकेत मोजपट्टी बसवून ती प्रमाणित काचपट्टीवर एकदा ताडून घ्यावी लागते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही सोय असते. बीलच्या यादीत लेकेनच्या जाती बहुधा सर्वांत जास्त निघतात, म्हणून या एका वंशावर हात बसवला की पुढचं खूप सोपं होतं. त्यानंतर लेपाडेला आणि वाकड्या, लांब काट्याचा ट्रायकोसर्का.

मोकळ्या पाण्याच्या बाटलीत अ‍ॅस्प्लँक्ना मिळाला तर थांबून बघा. पारदर्शक पिशवी, बाकी रोटिफरांच्या मानाने अवाढव्य, आणि पोटात गिळलेल्या केरटेला किंवा ब्रॅकिओनस या लहान रोटिफरांची कवचं स्पष्ट दिसतात. त्याला गुदद्वार नसतं. पचलं नाही ते तोंडावाटेच बाहेर टाकतो. त्याच पाण्यातल्या ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरसकडे लक्ष द्या. अ‍ॅस्प्लँक्नाच्या अंगातून पाण्यात उतरलेलं रसायन ब्रॅकिओनसच्या मादीला लागलं की तिच्या पिल्लांना मागच्या बाजूला लांब काटे येतात. काटेवाला गिळायला अवघड जातो. नवशिक्याला काटेवाला आणि बिनकाट्याचा या दोन जाती वाटतात. आईची पिढी आणि पिल्लांची पिढी एकाच बाटलीत असू शकते, हे ध्यानात ठेवा.

जतन

उरलेल्या नमुन्यात फॉर्मालिन घाला. बाजारातलं फॉर्मालिन साधारण ३७ ते ४० टक्क्यांचं असतं. नमुन्याच्या नऊ भागांना त्याचा एक भाग घातला की सुमारे चार टक्क्यांचं द्रावण होतं. पाणपिसवांच्या बाटलीत फॉर्मालिनबरोबर साखरही विरघळवतात. तसं केलं तर कवच फुगत नाही आणि पोटातली अंडी बाहेर सांडत नाहीत. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मालिन टाळून तीव्र अल्कोहोल वापरा. फॉर्मालिन कर्करोगकारक आहे. हातमोजे, उघडी हवा, आणि मुलांच्या हाती कधीही नाही. शाळेच्या सहलीत फक्त जिवंत नमुने बघा आणि पाणी परत तळ्यात सोडा.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. बाहेरची शाई प्रवासात पुसली जाते.

नाव द्यायचं कसं

एका थेंबातून काम करू नका. बशीत नमुना ओतून, बारीक सुईने किंवा केसाच्या टोकाने एकेक प्राणी वेगळा काढायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा, फिरवून वरून-खालून बघायचा आणि चित्र काढायचं. फोटो हवाच, पण चित्र काढताना डोळा जे बघतो ते फोटोत निसटतं. मोजमाप चित्राशेजारी लिहा.

आधी कुळ, मग वंश, मग जात. प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा की मी हे कशावरून म्हणतोय. 'लेकेन, जात अनिश्चित, दोन बोटं' ही नोंद प्रामाणिक आहे आणि तिचा पुढे उपयोग होतो. चुकीचं पूर्ण नाव एकदा यादीत गेलं की ते दुसऱ्या यादीत, तिथून तिसऱ्या यादीत उतरत राहतं. काही रोटिफरांची नावं कवचावरून ठरतच नाहीत, त्यांच्या जबड्यांचा आकार बघावा लागतो. त्यासाठी काचपट्टीवर ब्लीचचा छोटा थेंब देऊन अंग विरघळवतात, जबडे तेवढे उरतात. हे एखाद्या अनुभवी माणसाच्या शेजारी बसून शिका.

नेहमीच्या, ओळखीच्या वाटणाऱ्या जातींबाबतही सावध राहा. वर सांगितलेला ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस वर्षानुवर्षं एकच जात मानला गेला. २०१८ मध्ये डीएनए आणि मोजमापं एकत्र पाहून त्याच्या चार जाती वेगळ्या करण्यात आल्या. तसंच युरोपातल्या पाण्यावर लिहिलेल्या मार्गदर्शिका घेऊन बीलच्या नमुन्याला बसू नका. ईशान्य भारताच्या रोटिफरांचं नातं आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडे बरंच जातं, उदाहरणार्थ मुळात ऑस्ट्रेलियातून वर्णन झालेल्या ब्रॅकिओनस डायकोटोमसची उपजात इथेही मिळते. युरोपच्या पुस्तकात ती नसल्याने तुम्ही तिला जवळच्या दुसऱ्या नावात कोंबाल.

यादीतून काय कळतं

नमुने वाढत जातील तशी नवी जात मिळण्याची गती कमी होते. आडव्या अक्षावर नमुने आणि उभ्यावर आतापर्यंतच्या एकूण जाती असा साधा आलेख काढा. रेघ अजून चढत असेल तर तुमचं काम अपुरं आहे, आणि 'आमच्या तळ्यात त्यांच्या तळ्यापेक्षा कमी जाती' असं म्हणायचा हक्क नाही. रोटिफरांच्या बाबतीत जिथे तज्ज्ञ जास्त गेले तिथेच जाती जास्त नोंदल्या गेल्या, हा प्रकार जगभर आहे. त्यामुळे दोन तळ्यांची तुलना करताना सारखी जाळी, सारख्या वनस्पती, सारखे महिने आणि सारखे तास हवेत.

पाण्याच्या प्रकृतीचाही थोडा अंदाज लागतो. ब्रॅकिओनसच्या जातींना ट्रायकोसर्काच्या जातींनी भागून येणारा आकडा १९८३ मध्ये स्लाडेचेक यांनी सुचवला. एकाहून कमी म्हणजे पोषकद्रव्यं कमी, दोनाहून जास्त म्हणजे सांडपाण्याने किंवा खताने पाण्यात पोषकद्रव्यं फार झाली आहेत. दीपोर बीलवर गुवाहाटी शहराचं सांडपाणी आणि शेजारचा बोरागाव कचरा डेपो यांचा भार अनेक वर्षं पडला आहे. शहराच्या बाजूचा काठ आणि जंगलाच्या बाजूचा काठ असे दोन नमुने सारख्या पद्धतीने घेतले तर हा फरक स्वतः तपासता येईल. मात्र या एका आकड्यावर निकाल देऊ नका. जाती मोजक्याच असतील तर एका जातीची भर पडली तरी आकडा उलटतो. पीएच, तापमान, वनस्पती आणि नदीशी जोडणी या नोंदी सोबत असल्या तरच त्याला वजन.

कोरड्या चिखलातून

पाणी आटलेल्या दिवसांत गेलात तरी हात हलवत परत यायची गरज नाही. रोटिफर बराच काळ नराशिवायच पिल्लं देतात. गर्दी वाढणं यांसारख्या कारणांनी काही काळ नर तयार होतात आणि त्या मीलनातून जाड कवचाची विश्रांत अंडी पडतात. पाणपिसवांचीही तशी अंडी असतात. ती चिखलात कोरडी पडून राहतात आणि पुराचं पाणी आलं की फुटतात. डेलॉइड नावाच्या गटात तर नर कधी सापडलेलेच नाहीत आणि प्रौढ प्राणीच सुकून टिकतो. सायबेरियातल्या गोठलेल्या मातीत सुमारे २४ हजार वर्षं राहिलेला एक डेलॉइड पुन्हा हलू लागल्याची नोंद २०२१ मध्ये झाली.

काठावरच्या सुकलेल्या चिखलाचे वरचे दोन-तीन सेंटीमीटर वाटीभर घ्या, कागदी पिशवीत ठेवा. घरी पसरट काचेच्या भांड्यात चमचाभर चिखल, वर उकळून गार केलेलं, क्लोरीन नसलेलं पाणी, आणि खिडकीपाशी उजेडात. रोज थोडं पाणी ड्रॉपरने काढून बघा. काही दिवसांतच पहिले प्राणी दिसू लागतात, पुढच्या दोन आठवड्यांत मंडळी बदलत जाते, म्हणून रोजची नोंद तारखेसह वेगळी. महाराष्ट्रातून हा लेख वाचणाऱ्यांना इथूनच सुरुवात करता येईल. सड्यावरच्या आटलेल्या डबक्याची किंवा गावतळ्याच्या तळाची माती मार्च-एप्रिलमध्ये घेऊन ठेवली तर पावसाची वाट बघावी लागत नाही.

नमुने कुठे द्यायचे

ओळखलेले आणि न ओळखलेले असे दोन्ही प्रकारचे नमुने जपून ठेवा. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं ईशान्य विभागाचं केंद्र शिलाँगला आहे आणि पश्चिम विभागाचं पुण्यात आकुर्डीला. संशयास्पद किंवा महत्त्वाच्या वाटणाऱ्या जाती आधी पत्र लिहून, विचारून तिथे दाखवायला न्या. सोबत बीलचं नाव, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या वनस्पतीतून घेतला, जाळीचं छिद्र, पाण्याचं तापमान आणि पीएच, गोळा करणाऱ्याचं नाव आणि परवानगीच्या पत्राची प्रत हवी. यातलं ठिकाण किंवा तारीख राहिली असेल तर आठवून अंदाजाने लिहू नका. तो नमुना शिकण्यासाठी घरी ठेवा आणि नवा घेऊन या.